दांडीचे बूट चार वर्षं कशाला? क्लबफूटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाचा पाय आत वळलेला दिसतो. हा क्लबफूटच आहे का?

प्रत्येक वळलेला पाय क्लबफूट नसतो. पोटात जागा कमी पडल्यामुळे काही बाळांचे पाय नुसते मुडपलेले असतात. अशा पायाला बाहेरच्या कडेने हलकी गुदगुली केली की बाळ स्वतःच तो सरळ करतं आणि हाताने वळवला तर सहज वळतो. क्लबफूट हट्टी असतो. टाच वर खेचलेली, तळवा आत वळलेला, चवडा आत झुकलेला आणि तळव्याची कमान खोल, अशा चार गोष्टी एकत्र दिसतात. टाच हाताला छोटी आणि पोकळ लागते, पायाच्या आतल्या बाजूला आणि टाचेच्या मागे खोल घडी असते.

डॉक्टर अशा सहा खुणा पाहून प्रत्येकीला ०, अर्धा किंवा १ गुण देतात. हा पिरानी स्कोअर. एकूण सहा म्हणजे सगळ्यात कडक पाय. उपचारात दर आठवड्याला प्लास्टर घालतात, त्या प्रत्येक वेळी हा आकडा केसपेपरवर लिहिला जातो. तुम्हीही तो वहीत उतरवून ठेवा, पाय सुधारतोय की अडलाय ते त्यावरून कळतं. पहिल्याच भेटीत बाळाचा कणा आणि खुबे तपासले का, हेही विचारा. कधीकधी पाय हे दुसऱ्या एखाद्या आजाराचं दिसणारं टोक असतं आणि मग उपचारांचा अंदाज बदलतो.

हे कशामुळे झालं? ग्रहणात भाजी चिरली होती, म्हणून?

नाही. ग्रहण, विळी, गरोदरपणी मांडी घालून बसणं, यांपैकी कशाचाही संबंध नाही. घरात कोणी असं म्हणत असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. जगभरात हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला क्लबफूट असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट, आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात.

बहुतेकांच्या बाबतीत नेमकं एक कारण सापडत नाही. अनुवंशाचा वाटा आहे. पायाच्या घडणीत भाग घेणाऱ्या पिटएक्स-१ या जनुकातला दोष एका कुटुंबात सापडला, ते संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं. गरोदरपणी धूम्रपान केल्यास धोका वाढतो. गर्भजल तपासणी फार लवकर, म्हणजे अकराव्या-बाराव्या आठवड्यात केली तर क्लबफूट वाढतो, हे १९९८ च्या कॅनडातल्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून आता ती तपासणी पंधराव्या आठवड्याच्या आत सहसा करत नाहीत.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत सांगितलं. आता काय करायचं?

बाकी सगळे अवयव नीट आहेत ना, याची खात्री करणारी तपशीलवार सोनोग्राफी. पोटात असताना पायावर काही उपचार नसतो. सोनोग्राफीत वळलेला दिसलेला पाय जन्मानंतर सरळ निघाला, असंही होतं. प्रसूतीआधी क्लबफूट पाहणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटून घ्या, बाळंतपणानंतरची धावपळ कमी होते.

मालिशवाल्या मावशी म्हणतात, रोज तेल लावून ओढला की सरळ होईल.

मुडपलेला पाय होईल, आणि तो मालिशशिवायही झाला असता. क्लबफूट होत नाही. उलट, टाच तशीच वर राहून चवडा जोराने वर दाबला गेला तर पाय मधोमध मोडल्यासारखा होतो आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगीर बनतो. तो निस्तरणं मूळ क्लबफूटपेक्षा अवघड. मावशींना बाकीच्या अंगाची मालिश करू द्या.

पोन्सेटी पद्धत म्हणजे नेमकं काय, आणि ती आली कुठून?

दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय हळूहळू सरळ करायचा, बहुतेकांत टाचेमागची शीर छोट्या छेदाने कापायची आणि मग दांडीचे बूट, ही पोन्सेटी पद्धत. ती आली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून. इग्नासिओ पोन्सेटी हे मूळचे स्पेनचे. १९४१ मध्ये ते तिथे आले. तिथल्या अस्थिरोग विभागात पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या क्लबफूटच्या मुलांचे पाय त्यांनी मोठेपणी तपासले. ते ताठरलेले होते, दुखत होते. मग त्यांनी पायाची शरीररचना नव्याने अभ्यासली आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली.

त्यांना काय दिसलं, ते थोडं खोलात सांगावं लागेल, कारण प्लास्टर बरोबर चाललंय का ते त्यावरूनच कळतं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला टॅलस नावाच्या हाडाचं डोकं हाताला लागतं. क्लबफूटमध्ये बाकीचा सगळा पाय या हाडाखाली आत सरकलेला असतो. डॉक्टर अंगठा त्या डोक्यावर टेकवतात आणि चवडा हळूहळू बाहेर फिरवतात. टाचेला हात लावायचा नाही. ती टॅलसखाली मोकळी असली की आपोआप बाहेर वळते. आधीच्या पद्धतींत दाब टाचेजवळच्या सांध्यावर दिला जाई, टाच अडकून राही आणि महिनोन् महिने प्लास्टर घालूनही पाय सरळ होत नसे. अंगठा कुठे टेकवायचा, एवढ्या फरकावर सगळं अवलंबून आहे.

पोन्सेटींनी निकाल १९६३ मध्ये छापले. तीस वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही, शस्त्रक्रियेचीच चलती राहिली. १९९५ मध्ये त्याच विद्यापीठाने जुन्या रुग्णांना सरासरी तिशी ओलांडल्यावर शोधून तपासलं. ४५ जणांपैकी ७८ टक्क्यांचे पाय उत्तम किंवा चांगले होते. जन्मतः निर्दोष पाय असलेल्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण ८५ टक्के होतं, म्हणजे फार अंतर नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटरनेटवरून आईबापांनीच ही माहिती एकमेकांना दिली आणि डॉक्टरांकडे आग्रह धरला. आज हीच जगभरची पहिली पद्धत आहे.

प्लास्टर किती, केव्हा आणि कसं?

जन्मानंतर आठवड्या-दीड आठवड्यात सुरू करतात. बाळाचं वजन फार कमी असेल किंवा ते काचपेटीत असेल तर थोडं थांबतात, त्याने बिघडत नाही. आठवड्याला एक, अशी साधारण चार ते सात प्लास्टरं लागतात. प्रत्येक वेळी डॉक्टर आधी मिनिटभर पाय हाताने हळुवार ताणतात, मग कापसाचा पातळ थर आणि त्यावर प्लास्टर. बाळ दूध पीत असेल तर पाय सैल सोडतं, म्हणून भुकेलं बाळ आणि तयार बाटली किंवा आई जवळ, अशी वेळ साधा.

पहिलं प्लास्टर पाहून बरेच पालक घाबरतात, कारण पाय आधीपेक्षा जास्त आत वळल्यासारखा दिसतो. ते मुद्दाम असतं. आधी अंगठ्याकडची बाजू वर उचलून तळव्याची खोल कमान सपाट करायची, नंतर चवडा बाहेर न्यायचा, त्याबरोबर टाच वळते आणि सगळ्यात शेवटी टाच खाली आणायची. हा क्रम बदलला की पाय बिघडतो.

प्लास्टर जांघेपर्यंत आणि गुडघा काटकोनात वाकवूनच हवं. गुडघ्याखालचं छोटं प्लास्टर बाळ लाथा मारून सरकवतं, शिवाय त्यात पाय आतल्या आत फिरतो. कोणी 'उकाडा आहे, गुडघ्यापर्यंतच घालू' म्हणालं तर दुसरीकडे विचारा.

घरी काय सांभाळायचं?

प्लास्टर हाताला कडक लागलं तरी पूर्ण वाळायला दिवसभर लागतो. तोवर पाय उशीवर ठेवा आणि उचलताना तळहात वापरा. बोटांचे खड्डे पडले तर ते आतून त्वचेला टोचतात.

बोटं दर डायपरला पाहा. अंगठा दाबून सोडला की पांढरा होऊन दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. बोटं निळी, पांढरी, थंडगार किंवा सुजलेली असतील, किंवा बाळ काही केल्या शांत होत नसेल, तर पाय उंच धरून लगेच रुग्णालयात जा. रात्र असली तरी अपघात विभागात. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. दुसरी धोक्याची खूण जास्त फसवी आहे: काल पाच बोटं दिसत होती, आज फक्त टोकं दिसतात. म्हणजे पाय वर सरकला आहे. असं सरकलेलं प्लास्टर आठवडाभर ठेवलं तर पाय सुजतो आणि पुढचं प्लास्टर बसत नाही. पहिल्या दिवशी मोबाइलवर बोटांचा फोटो काढून ठेवा, तुलना सोपी पडते.

डायपरची कड प्लास्टरच्या बाहेर ठेवा, नाहीतर शू वरून आत झिरपते. आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. जूनपासून रिक्षाने जाताना पायांवर प्लास्टिकची पिशवी घाला, पण घरी पोचताच काढा. तासन्‌तास बांधलेली पिशवी घामाने प्लास्टर भिजवते. पावडर, तेल आत सोडू नका. बारशाच्या फोटोसाठी दोन दिवस प्लास्टर काढून मागणारेही भेटतात. काढू नका, दुपट्यात झाकलं की भागतं.

जुनं प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढायला काही ठिकाणी सांगतात. टाळता आलं तर टाळा. मोकळा पाय काही तासांत परत आकसू लागतो.

टाचेमागची शीर कापणार म्हणतात. मोठं ऑपरेशन आहे का?

नाही. दहापैकी आठ-नऊ मुलांना हे लागतं. पाय बाहेर पुरेसा वळतो, पण टाच खाली येत नाही, कारण तिथली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आखूड असते. तिलाच लोक शीर म्हणतात. जागा बधिर करून बारीक पात्याने ती आडवी कापतात. छेद इतका छोटा की टाका लागत नाही. मग पाय बाहेर ६० ते ७० अंश वळवून शेवटचं प्लास्टर, तीन आठवड्यांसाठी. तेवढ्यात कंडरा हवी तेवढी लांब होऊन पुन्हा जुळते. प्लास्टरवर रक्ताचा छोटा डाग दिसेल. तो पेनने गोल करून ठेवा, वाढत गेला तर कळवा.

ही पायरी नको म्हणून जास्त प्लास्टरं घालून टाच खाली दाबत बसणं हा खोटा कनवाळूपणा आहे. पाय मधोमध मोडण्याची वर सांगितलेली तक्रार तिथेच सुरू होते.

पाय सरळ झाला. मग दांडीचे बूट कशाला, तेही चार वर्षं?

दांडीचे बूट म्हणजे एका आडव्या दांडीने एकमेकांना जोडलेले दोन बूट. ते लागतात, कारण प्लास्टरने पाय सरळ होतो, बरा होत नाही. ज्या ओढीने तो पोटात वळला ती ओढ पहिली काही वर्षं कायम असते. बूट नसतील तर पाय परत वळतो.

आयोवाच्याच २००४ च्या अभ्यासात १५७ मुलांचे २५६ पाय होते. ९८ टक्के पाय सरळ झाले. ११ टक्के मुलांत पाय पुन्हा वळला. तो कोणाचा वळला, हे त्यांनी शोधलं. बाळ उशिरा आलं होतं का? आधी दुसरीकडे फसलेला उपचार होता का? प्लास्टरं जास्त लागली होती का? यांपैकी कशाशीच संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो बूट नियमाने न घालण्याशी. नंतरच्या अनेक अभ्यासांत तेच पुन्हा दिसलं. म्हणून आमचं सरळ मत: चांगल्या रुग्णालयाची निवड जितकी महत्त्वाची, तितकेच पुढच्या चार वर्षांचे रात्रीचे बूट. आणि ते घातले गेले नाहीत तर सगळा दोष आईच्या माथी मारणं चूक आहे. बूट टोचत होते, लहान झाले होते, दुरुस्तीला दिवसाची मजुरी बुडत होती, घरात कोणी रोज काढून टाकत होतं, ही कारणं रुग्णालयाने विचारायची असतात.

शेवटचं प्लास्टर निघेल त्याच दिवशी बूट पायात हवेत. मापाची ऑर्डर कंडरा कापली त्या दिवशीच द्या. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आंघोळीपुरते मोकळे. नंतर रात्रीची आणि दुपारची झोप धरून १२ ते १४ तास, वय चार किंवा पाच होईपर्यंत. क्लबफूटचा पाय दांडीवर ६० ते ७० अंश बाहेर, आणि एकच पाय वळलेला असेल तर चांगला पाय ३० ते ४० अंश. दोन टाचांमधलं अंतर बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढं. दांडी आखूड असेल तर बाळ वैतागून पाय बाहेर काढतं.

बाळ रात्रभर रडतं. बूट काढू का?

पहिल्या दोन-तीन रात्री जवळपास सगळीच बाळं रडतात. काढून पुन्हा घातले की 'रडलं की निघतात' एवढं ते शिकतं. आधी पाहा की दुखतंय का. बूट घालण्याची रीत अशी: सुती मोजा, त्याला सुरकुती नको. जास्त वळलेला पाय आधी. गुडघा वाकवा, टाच बुटाच्या बुडाला टेकवा, बुटाची जीभ अंगठ्याने दाबून धरा आणि मधला पट्टा सर्वांत आधी घट्ट ओढा, तोच टाच खाली धरतो. मग वेल्क्रो किंवा नाड्या. टाच टेकली की बोटं कुठवर येतात तिथे बुटाच्या आतल्या तळावर पेनने रेघ मारून ठेवा. उद्या बोटं रेघेच्या मागे दिसली तर टाच वर उचलली गेली आहे.

टाचेमागे लालभडक वळ किंवा फोड आला तर पालक पट्टा सैल करतात. करायचं नेमकं उलटं असतं. सैल बुटात टाच वरखाली घासते, म्हणून फोड येतो. पट्टा एक भोक घट्ट करा, क्रीम लावू नका, त्वचा मऊ पडून जास्त सोलते. वीसेक मिनिटांत विरणारा फिकट लालसरपणा ठीक आहे.

दिवसातून काही वेळा दांडी धरून दोन्ही गुडघे एकत्र वाकवा, सरळ करा. पाय एकएकटे हलत नाहीत, जोडीने हलतात, हे बाळाला कळलं की रडणं थांबतं. दांडीला जुनी ओढणी गुंडाळा, नाहीतर रात्री तिचा फटका तुम्हालाच बसेल.

झोळी, पावसाळा आणि गणपतीला गावी जाणं?

साडीच्या झोळीत दांडी आडवी बसत नाही, आणि बसवली तर कापड दोन्ही पाय एकमेकांकडे ओढतं. रुंद पाळणा किंवा गादी बरी. घट्ट दुपट्यात गुंडाळायचं तर कमरेपर्यंतच.

चामड्याच्या बुटांना पावसाळ्यात बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा इस्त्रीने नको, चामडं कडक होऊन टोचतं. मोज्यांचे चार-पाच जोड हवेत. कोकणात जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत बूट घालूनच झोपवा. दहा दिवसांची सुट्टी पहिल्या तीन महिन्यांत पाय वळायला पुरते. निघण्याआधी पट्टे आणि स्क्रू पाहून घ्या. तुटलेला पट्टा चांभार शिवून देईल. दांडीवरच्या कोनाला मात्र त्याला हात लावू देऊ नका.

पाय परत वळतोय हे कसं ओळखायचं?

बूट एकाएकी घालता येईनासे झाले, टाच बुडाला टेकत नाही, किंवा चालायला लागल्यावर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देतं. बुटाची बाहेरची कड लवकर झिजते. लवकर आलात तर दोन-तीन प्लास्टरांत पुन्हा जागेवर येतो. साधारण तीन वर्षांनंतरही चालताना पाय आत वळत असेल तर पुढची एक कंडरा मधल्या भागात सरकवून बसवतात आणि सहा आठवडे प्लास्टर. ही मोठी, सांधे उघडणारी शस्त्रक्रिया नव्हे.

मूल तीन वर्षांचं आहे, काहीच उपचार झालेला नाही.

या. चालत्या मुलांतही हीच पद्धत आधी वापरतात. प्लास्टरं जास्त लागतात आणि एखादी शस्त्रक्रियाही लागू शकते, पण सुरुवात प्लास्टरनेच.

पुढे चालेल, धावेल?

हो. चालायला एखाद-दोन महिने उशीर होतो. पोटरी थोडी बारीक आणि पाऊल थोडं लहान राहतं, ते कायमचं. त्याला व्यायामाचे क्लास लावू नका, क्रिकेट पुरे.

मुंबईत कुठे जायचं?

परळला बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आणि केईएम आचार्य दोंदे मार्गावर जवळजवळ आहेत. मध्य रेल्वेने परळ, पश्चिमेने प्रभादेवी. शीव आणि नायर रुग्णालयांतही अस्थिरोग विभाग आहेत. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची आहे, कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं तिथे बनतात. क्लबफूटची ओपीडी बहुधा ठरावीक वारीच असते. आधी विचारा, नाहीतर बाळाला घेऊन गर्दीच्या लोकलने केलेला हेलपाटा फुकट जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) क्लबफूट हा जन्मजात दोषांच्या यादीत आहे, त्यामुळे अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून नोंद आणि शिफारस मागता येते.

दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का?

उपचार सुरू असताना घाई नको. प्रमाणपत्र उरलेल्या दोषाच्या टक्क्यांवर मिळतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या आरक्षणासारख्या लाभांना किमान ४० टक्के लागतात. नीट सरळ झालेला पाय सहसा तिथवर जात नाही, आणि ही चांगलीच बातमी आहे. दुसरा आजार सोबत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

डॉक्टर म्हणतात बाळाला अभ्यासात घेऊ. सही करावी का?

मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठासाठी प्रबंध लिहावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता बरीच आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: नेहमीचाच उपचार देऊन फक्त नोंदी ठेवणार, की प्लास्टर बदलण्याचे दिवस किंवा बूट यांत काही वेगळं करून पाहणार? पहिल्यात धोका जवळपास नसतो. दुसऱ्यात नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत काय बदलणार ते समजून घ्या.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहितीपत्रक तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं, मराठीत मागा. त्याची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे आणि त्यावर आचार समितीचा, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीचा, संपर्क हवा. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात तरी उपचार तसाच चालू राहतो, हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका. पायाचे फोटो काढताना चेहरा येणार नाही, हेही लिहून घ्या. मूल सात वर्षांचं झाल्यावर त्याची स्वतःची संमतीही विचारतात.

सही केलीत तर एक जबाबदारी तुमच्यावर येते. क्लबफूटच्या अभ्यासांचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे तपासणीला न येणारी मुलं. ज्यांचे पाय परत वळले ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, ज्यांचे उत्तम झाले त्यांना यायची गरज वाटत नाही, आणि उरलेल्यांवरून काढलेली टक्केवारी दोन्हीकडून फसवी निघते. कुठल्याही अभ्यासातला ९५ टक्के हा आकडा ऐकला की विचारा, किती वर्षांनी तपासलं आणि किती मुलं परत आली. घर बदललं, विरार किंवा बदलापूरला गेलात, मोबाइल नंबर बदलला, तर विभागात कळवा.